संध्याकाळच्या दिव्यांची ओळखपरेड

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या गच्चीवरून गेल्या आठवड्यापासून अंधार पडता पडता पश्चिमेला एकावर एक असे दोन तेजस्वी दिवे दिसतात. खालचा डोळ्यांत भरणारा आहे, वरचा त्याहून बराच मंद आहे आणि दोघांमधले अंतर रोज कमी होत चालले आहे. आठच्या सुमारास दक्षिणेला, विमानतळाच्या बाजूला, फार खाली एक पांढरा दिवा दिसतो, तो मध्येच हिरवट आणि मध्येच तांबूस होतो. परवा पावणेआठला आणखी एक दिवा नैर्ऋत्येकडून चढत डोक्यावर आला आणि जरासा पुढे जाऊन निरभ्र आकाशातच विझला. घरात यावर एकमत नाही. शेजारी म्हणतात ड्रोन, मुलगा म्हणतो अवकाश स्थानक, आणि आजींच्या मते पश्चिमेचा खालचा दिवा म्हणजे शुक्राची चांदणी. सोबत फोनवर काढलेले छायाचित्र आहे. त्यात या दोन दिव्यांच्या वर डावीकडे तिसरा हिरवट ठिपका आहे, जो डोळ्यांना मात्र दिसत नाही.

पत्रावर तारीख नाही. ‘आता गच्चीवर स्वेटर लागत नाही’ एवढे एक वाक्य आहे, आणि नागपूरकराला ते पुरेसे आहे. फेब्रुवारी संपत आला आहे असे मी धरतो. आजींचे बरोबर आहे. खालचा दिवा शुक्र, वरचा गुरू, दक्षिणेचा दिवा हा अगस्त्याचा तारा, पळता दिवा बहुधा मुलगा म्हणतो तोच, आणि छायाचित्रातला हिरवा ठिपका आकाशात नाहीच. ही नावे कशावरून ठरवली ते आता सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या ऋतूत वेगळे दिवे दिसू लागले तरी त्यांची ओळख तुमची तुम्हाला पटवता येईल.

नवखा माणूस तेजापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो, कारण तेज हे धुक्यावर, धुळीवर, डोळे अंधाराला किती सरावले आहेत यावर आणि शेजारच्या हॅलोजनवरही अवलंबून असते. बरीच वर्षे गच्च्यांवर उभे राहून लोकांना आकाश दाखवल्यानंतर माझा क्रम ठरून गेला आहे: आधी जागा, मग वेळ, मग चाल, आणि तेज व रंग सर्वांत शेवटी.

जागेचे महत्त्व यासाठी की ग्रह वाटेल तिथे दिसत नाहीत. सूर्य आणि चंद्र ज्या वाटेने जातात त्याच वाटेच्या, म्हणजे क्रांतिवृत्ताच्या, आसपास ते असतात, आणि पंचांगातल्या बारा राशी याच वाटेवर मांडलेल्या आहेत. नागपूरचा अक्षांश २१ अंशांहून किंचित जास्त असल्यामुळे येथून ही वाट कुठून कुठे जाते हे आकड्यांत सांगता येते. मध्यमंडलावर, म्हणजे बरोबर दक्षिण दिशेच्या वर, ती धनु राशीत सर्वांत खाली सुमारे ४५ अंशांवर असते, तर मिथुन राशीत ती थेट डोक्यावर, किंबहुना खस्वस्तिकाच्या, म्हणजे बरोबर डोक्यावरच्या बिंदूच्या, किंचित उत्तरेला जाते. पश्चिम क्षितिजाला ती टेकते ती जागा ठीक पश्चिमेपासून उजवीकडे किंवा डावीकडे फार तर २५ अंश सरकते, जून आणि डिसेंबरमध्ये सूर्य जिथे मावळतो तेवढीच. ग्रह या वाटेपासून थोडे वर-खाली भटकतात म्हणून काही अंशांची सूट द्यावी, पण तेवढी दिल्यानंतरही नियम कडक राहतो. ठीक दक्षिणेला क्षितिजापासून १५-२० अंशांवर दिसणारा दिवा ग्रह असूच शकत नाही, आणि उत्तरेला कोराडीच्या दिशेने खाली दिसणाराही नाही. त्या बाजूचे स्थिर लाल दिवे वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे असतात.

हे अंश मोजायला हातच पुरतो. हात सरळ ताणून धरला असता आवळलेली मूठ साधारण १० अंश झाकते आणि करंगळीचे टोक १ अंश, तर पूर्ण चंद्र त्याच्या निम्माच असतो. प्रत्येकाच्या मुठीत थोडा फरक असतो, म्हणून सप्तर्षींतील क्रतू आणि पुलह या दोन दर्शक ताऱ्यांवर एकदा ताडून पाहावे. त्यांच्यातील अंतर साडेपाच अंशांच्या जवळ आहे आणि ताणलेल्या हाताच्या मधल्या तीन बोटांत ते मावायला हवे. उत्तर दिशेची खात्री ध्रुवावरून करावी. तो नागपुरातून २१ अंशांवर, म्हणजे दोन मुठींवर दिसतो. फोनमधल्या होकायंत्रावर मी गच्चीत विश्वास ठेवत नाही. स्लॅबमधील सळया, टाकीचा लोखंडी सांगाडा आणि सोलर हीटरचा स्टँड यांच्यामध्ये उभे राहून आकाशदर्शनाच्या ॲपने गुरू उत्तरेला दाखवलेला मी स्वतः पाहिला आहे.

तुमच्या पत्रातील ‘एकावर एक’ हे शब्द मला म्हणूनच मोलाचे वाटले. क्रांतिवृत्त पश्चिम क्षितिजाशी किती कोन करते हे ऋतूनुसार बदलते. मार्चच्या विषुवदिनाच्या आसपास नागपुरात सूर्यास्ताच्या वेळी हा कोन जवळजवळ ९० अंश असतो, म्हणजे ग्रहांची वाट क्षितिजावर काठीसारखी उभी असते. सप्टेंबरमध्ये तीच वाट ४५ अंशांनी डावीकडे, दक्षिणेकडे, कललेली असते. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर्य मावळला त्या जागेवरून बोट सरळ वर नेले की वाटेत जे तेजस्वी स्थिर दिवे लागतील ते बहुधा ग्रहच निघतात. भाद्रपद-आश्विनात हाच शुक्र सूर्यापासून तितकाच दूर असूनही डावीकडे खाली क्षितिजाला चिकटून राहतो, आणि शहरातल्या माणसाला इमारतींमुळे तो दिसतच नाही.

आता वेळ. शुक्र सूर्यापासून कधीही ४७ अंशांहून अधिक दूर जात नाही. नागपुरात याचा अर्थ असा की संध्याकाळचा शुक्र सूर्यास्तानंतर फार तर साडेतीन तासांत मावळतो. येथे सूर्यास्त डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या आणि जूनअखेर सातच्या सुमारास होतो, हे लक्षात घेतले तर रात्री अकरा वाजता दिसणारा कोणताही दिवा शुक्र नसतो, मग तो कितीही झगझगीत असो. गुरूला असे बंधन नाही. प्रतियुतीच्या दिवसांत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असताना, तो सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि रात्रभर आकाशात असतो. तुमचे दोन्ही दिवे साडेआठच्या आत झाडांमागे जातात असे तुम्ही लिहिले आहे. ते शुक्राला अगदी शोभते आणि गुरूला चालते.

ड्रोनचा प्रश्नही इथेच निकाली निघतो. साध्या ड्रोनची बॅटरी अर्ध्या तासाच्या पुढेमागे संपते आणि तो रोज त्याच जागी टांगून ठेवण्याची हौस कोणाला असेल असे वाटत नाही. त्याहून चांगली कसोटी ही की पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाशातील प्रत्येक ज्योती तासाला १५ अंश, म्हणजे ४० मिनिटांत एक मूठ, पश्चिमेकडे सरकते. सात वाजता दिवा टाकीच्या कठड्याला टेकवून पाहावा आणि पावणेआठला त्याच जागी उभे राहून पुन्हा पाहावे. मूठभर खाली गेला असेल तर तो आकाशातला आहे, आणि कठड्यालाच टेकलेला असेल तर एखाद्या मोबाइल टॉवरचा आहे.

रोजच्या चालीने उरलेली शंका जाते. ताऱ्यांची आपसांतील अंतरे आपल्या आयुष्यात डोळ्यांना जाणवेल इतकी बदलत नाहीत. दोन दिव्यांमधील अंतर आठवड्याभरात बदलत असेल तर त्यांतला किमान एक ग्रह असलाच पाहिजे. शुक्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दिवसाला एक अंशाहून थोडा अधिक सरकतो आणि गुरू अंशाचा पाचवा हिस्साही जेमतेम, म्हणून दोघांमधील दरी रोज साधारण एका करंगळीने मिटते. २ मार्च २०२३ च्या संध्याकाळी हे दोघे अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे साधारण चंद्राच्या रुंदीइतके जवळ आले होते. त्या दिवशी माझ्या गच्चीवर जमलेल्या मुलांना ते दोन्ही एकाच करंगळीआड लपवता येत होते, आणि दुर्बिणीपेक्षा त्यांना त्याचेच अप्रूप जास्त होते.

इतके झाल्यावर मग तेज पाहावे. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा व्याध आहे आणि त्याची प्रत उणे १.५ च्या जवळ आहे. प्रतीचा आकडा जितका लहान किंवा जितका उणे, तितके तेज अधिक. शुक्र उणे ४ च्या आसपास, गुरू उणे २ ते उणे ३ च्या दरम्यान. याचा सरळ अर्थ असा की व्याधापेक्षा स्पष्टपणे तेजस्वी आणि न पळणारा दिवा दिसला तर शुक्र व गुरू ही दोनच नावे बहुतेक वेळा उरतात. मंगळ त्यांच्या पंक्तीत येतो, पण क्वचितच. शुक्र आणि गुरू शेजारी असले की शुक्र पाचेक पटींनी उजळ वाटतो. तुमच्या वर्णनातला ‘बराच मंद’ हा शब्द तिथे बसतो.

शुक्राबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण गच्चीवरून पाहण्यासारखे जे काही आहे त्यात त्याच्यासारखा विषय नाही. पुढच्या काही महिन्यांत तो रोज थोडा वर चढेल, परम दूरीला, म्हणजे सूर्यापासूनच्या सर्वांत जास्त अंतराला, पोहोचेल आणि मग झपाट्याने खाली येईल. खाली येताना तो पृथ्वीच्या जवळ येत असतो, त्यामुळे त्याचे बिंब मोठे होते आणि प्रकाशित भाग मात्र बारीक होत जातो. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत १०×५० ची साधी द्विनेत्री दुर्बीण कठड्यावर घट्ट टेकवली तर इवलीशी कोर दिसते. ती काळोखात शोधू नये. शुक्राची चमक इतकी असते की काळ्या आकाशावर नुसता लखलखाट दिसतो. सूर्य पूर्ण मावळल्यानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत, आकाश अजून निळसर असताना, कोर सुरेख उठून दिसते. सूर्य क्षितिजावर असताना दुर्बीण त्या बाजूला चुकूनही वळवू नये, क्षणभरात डोळा जातो.

शुक्राची आणखी एक गंमत म्हणजे त्याची आठ वर्षांची फेरी. सूर्याभोवतीच्या त्याच्या १३ प्रदक्षिणा आणि आपली ८ वर्षे जवळजवळ जुळतात, म्हणून तो आठ वर्षांनी त्याच तारखांना, त्याच ताऱ्यांजवळ, जवळपास तसाच दिसतो. टाळेबंदीच्या काळात, ३ एप्रिल २०२० च्या सुमारास, तो कृत्तिकांच्या पुंजक्यातून गेला होता. दोनच दिवसांनी रात्री नऊ वाजता लोकांनी घरातले दिवे मालवून पणत्या लावल्या, तेव्हाही तो पश्चिमेला होता, आणि त्या नऊ मिनिटांत मला आलेल्या फोनांपैकी निम्मे ‘तो कोणता दिवा’ हेच विचारणारे होते. २०१२ च्या एप्रिलमध्ये हेच दृश्य होते आणि २०२८ च्या एप्रिलमध्ये पुन्हा असेल.

आता दक्षिणेचा दिवा. वर सांगितलेल्या नियमाने तो ग्रह नाही हे आधीच ठरले. फेब्रुवारीअखेर आठ-सव्वाआठला ठीक दक्षिणेला, क्षितिजापासून १६ अंशांवर, म्हणजे दीड मुठीवर, अगस्त्य असतो. आकाशातील हा दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा दिल्लीहून जेमतेम नऊ अंश वर येतो, त्यामानाने आपण भाग्यवान आहोत. खात्रीसाठी आधी मृग नक्षत्र शोधावे. त्याच्या पोटातील तीन ताऱ्यांची ओळ, ज्याला आपल्याकडे तिकांडे म्हणतात, खाली डावीकडे वाढवली की व्याध सापडतो, आणि व्याधापासून सरळ खाली साडेतीन मुठी उतरले की अगस्त्य. हीच ओळ उलट दिशेला वाढवली तर तांबूस रोहिणी लागते.

तो रंग का बदलतो, हा प्रश्न ‘तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत’ या शाळेतल्या वाक्याशी येऊन भिडतो. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. तारा इतका दूर असतो की त्याचा प्रकाश एका बिंदूतून येतो, आणि हवेचे लहान-मोठे गरम-थंड थर त्या एकाच किरणाला इकडेतिकडे वळवतात. गुरूचे बिंब लहान का होईना पण ३० ते ५० विकलांचे असते (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), त्याच्या प्रत्येक भागाचा प्रकाश वेगवेगळा हलतो आणि एकूण सरासरी स्थिर वाटते. क्षितिजाजवळ मात्र प्रकाशाला हवेचा कितीतरी जाड थर ओलांडावा लागतो. तिथे ताऱ्याचे रंगसुद्धा वेगवेगळे वळून क्षणात हिरवा, क्षणात लाल झगमगाट होतो. तुमच्या अगस्त्याला तेच झाले आहे, आणि मावळत्या शुक्रालाही ते होते. त्यात आपला एप्रिल-मे: दिवसभर तापलेले स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असतात आणि त्यांच्यावरून पाहिले तर गुरूही थरथरतो. म्हणून लुकलुकण्याची कसोटी तीन मुठींच्या वर असलेल्या दिव्यांनाच लावावी.

अगस्त्याच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगला तोंडघशी पडलो आहे. दक्षिण नागपुरातील एका गच्चीवर पंचवीस-तीस मुलांना मी दक्षिणेचा खालचा दिवा दाखवून अगस्त्य ऋषींची गोष्ट सांगू लागलो. विंध्य वाकला, समुद्राचे आचमन सुरू झाले, तेवढ्यात दिव्याच्या एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा फुटला आणि अगस्त्य ऋषी सोनेगावच्या विमानतळावर उतरले. नागपूरच्या विमानतळाची धावपट्टी आग्नेय-वायव्य आहे. तिच्या रेषेत राहणाऱ्यांना समोरून येणारे विमान तीन-चार मिनिटे एका जागी खिळल्यासारखे वाटते, कारण ते थेट आपल्याकडेच येत असते. उपाय एकच, पाच मिनिटे थांबणे. मी गोष्ट नंतर सांगितली असती तर वाचलो असतो.

पळत्या दिव्याचे वर्णन तुम्ही फार नेमके केले आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून साधारण ९३ मिनिटांत पृथ्वीला फेरी मारते आणि चांगल्या फेरीत गुरूपेक्षा उजळ दिसते. ते स्वयंप्रकाशी नाही. आपल्याकडे रात्र झालेली असली तरी तेवढ्या उंचीवर ऊन असते, आणि पूर्वेकडे जाता जाता ते पृथ्वीच्या सावलीत शिरले की ढग नसतानाही काही सेकंदांत मालवते. सूर्यास्तानंतर सुमारे दीड तासाने ही सावली जवळजवळ डोक्यापर्यंत चढलेली असते, म्हणून पावणेआठला ते तिथे विझले. चीनचे तिआनगोंग स्थानकही असेच जाते, पण सहसा थोडे मंद असते. दोन्हींची दिशा नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे असते. उलट जाणारा, फडफडणारा किंवा वळण घेणारा दिवा असेल तर ते विमान समजावे. एकामागोमाग ओळीने जाणारे ठिपके २०१९ पासून दिसू लागलेले स्टारलिंकचे उपग्रह असतात. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भावरून जळत गेलेली ठिणग्यांची माळ मात्र वेगळीच होती. तो चिनी रॉकेटचा वातावरणात परतणारा टप्पा होता, आणि त्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचे भले मोठे कडे पडलेले सापडले. उल्का एक-दोन सेकंदांत संपते. असा अवशेष संथपणे, तुटत तुटत, क्षितिजापर्यंत जातो.

छायाचित्रातील हिरवा ठिपका सोपा आहे. चित्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात रस्त्यावरचा दिवा आला आहे. चित्राच्या मध्यबिंदूतून त्या दिव्याची रेषा पलीकडे तेवढीच वाढवली की ती बरोबर हिरव्या ठिपक्यावर पोहोचते. भिंगांच्या आतल्या पृष्ठांवर उमटलेले ते त्या दिव्याचे प्रतिबिंब आहे. दिवा हाताने झाकून पुन्हा छायाचित्र घ्यावे, ठिपका जाईल.

उरलेल्या ग्रहांचे थोडक्यात. मंगळ दर २६ महिन्यांनी तेजस्वी होतो आणि मधल्या काळात साधा तांबूस तारा होऊन रोहिणी किंवा ज्येष्ठेशी गल्लत करवतो. शनी पिवळसर, शांत, पहिल्या प्रतीच्या ताऱ्याइतकाच; त्याला साडेएकोणतीस वर्षांची फेरी लागते, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षे असतो आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते. बुध संध्याकाळच्या उजेडातच येतो आणि जातो. घरातले पंचांग इथे खरोखर कामाचे आहे. त्यातील राशी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मोजलेल्या, असल्यामुळे आकाशातील तारकासमूहांशी बऱ्यापैकी जुळतात, तर विषुवबिंदूपासून मोजलेल्या पाश्चात्त्य सायन राशी सुमारे २४ अंशांनी सरकलेल्या असतात. पंचांगात गुरू आणि शुक्र एकाच राशीत लिहिले आहेत का, हे तुम्ही आजच पाहू शकता. आणि यासाठी शहराबाहेर जाण्याची गरज नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला, तिथे आकाशगंगा पाहायला जरूर जावे, पण शुक्र आणि गुरू सीताबर्डीच्या झगमगाटातूनही दिसतात.

माझे निदान पडताळायचे असेल तर रोज सव्वासातला दोन दिव्यांमधील अंतर करंगळीने मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. ते शून्याजवळ पोहोचेल, त्यानंतर शुक्र गुरूला ओलांडून वर जाईल आणि गुरू खाली राहील. त्या दरम्यान कधीतरी, अमावास्येनंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी, चंद्रकोरही याच उभ्या रेषेत येऊन जाईल. चार-पाच आठवड्यांत गुरू संधिप्रकाशात बुडून दिसेनासा झाला आणि शुक्र मात्र आणखी उंच, आणखी उशिरापर्यंत दिसत राहिला, तर नावे बरोबर होती. गुरू त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पहाटे पूर्वेला सापडेल, त्यासाठी गच्चीची दुसरी बाजू लागेल.